चहा टाका, पोरगं पाठवा

घाटनांदूरच्या स्टेशनावर गाडी कधी येणार, हे कळायचे दोन मार्ग आहेत. एक मोबाइलमधलं ॲप आणि दुसरा स्टेशनाबाहेरचा चहावाला. ॲप सांगतं, गाडीनं परळी सोडली, इतक्या मिनिटांत येईल. चहावाला काहीच सांगत नाही, फक्त किटली उचलतो. किटली उचलली की बाकड्यावरची माणसं उठतात, पिशव्या गोळा करतात, पोरांना हाका मारतात, आणि गाडी येते. किटलीनं कुणाला फसवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. ॲपनं मात्र एकदा आमची गाडी घाटनांदूर ओलांडून पानगावात नेऊन उभी केली होती. त्याच वेळी ती गाडी परळीच्या बाजूनं शिट्टी मारत येत होती. मी मोबाइलकडं आणि इंजिनाकडं आळीपाळीनं बघत राहिलो. शेजारी उभे असलेले आमचे आप्पा म्हणाले, "चल, बस. ॲपची गाडी चुकली."

आप्पा म्हणजे माझे चुलते. वय अठ्ठ्याहत्तर, शेती बारा एकर, सोयाबीन आणि चौकशी ही दोन मुख्य पिकं. मी इथल्याच शाळेत गणित शिकवतो. गणितवाल्याला संगणक येत असणारच, अशी गावाची समजूत असल्यामुळं इंटरनेटवरचं खरं कोणतं आणि खोटं कोणतं हे सांगायचं काम माझ्याकडं आपोआप आलं. त्याबद्दल कुणी मला कधी चहासुद्धा पाजला नाही, पण मान होता. तो कसा गेला, तेच सांगायचं आहे.

आमचं गाव अंबाजोगाई तालुक्यातलं. अंबाजोगाईला योगेश्वरी आहे, मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंत आहेत, मोठं मेडिकल कॉलेज आहे. रेल्वे मात्र नाही. रेल्वेत बसायचं तर त्यांना आमच्याकडं नाहीतर परळीला यावं लागतं. एवढ्या एका मुद्द्यावर आम्ही विवेकसिंधूच्या वारसदारांना ऐकवून घेतो. पण स्टेशनाचं गाव म्हणजे परक्या माणसाचं गाव. निजामाच्या काळापासून इथं अनोळखी माणूस उतरत आलाय: जडीबुटीवाला, पोपटवाला, अर्ध्या किमतीत लुगडी विकणारा, कुणाचा तरी लहानपणी हरवलेला भाऊ. त्यामुळं गावानं तपासणीचा एक प्रश्न कायमचा तयार ठेवलाय. "कुणाचा रं तू?"

हा प्रश्न दिसतो एवढा साधा नाही. नाव सांगून भागत नाही. आधी गाव. मग गावातली गल्ली. मग आजोळ. मग आजोळच्या गावात मारुतीचं देऊळ वेशीच्या आत का बाहेर. मग त्या गावातल्या अमक्याचा पाय मोडला होता, तो बरा झाला का. आठव्या प्रश्नाला समोरचा माणूस एकतर पाहुणा निघतो, नाहीतर पळून जातो. बँकेत याला केवायसी म्हणतात. बँकेच्या केवायसीत आधार, फोटो आणि अंगठा लागतो, आप्पांच्या केवायसीत आजोळ लागतं. अंगठ्याचा ठसा चोरता येतो. आजोळ चोरून नेलेला माणूस अजून बघायचाय.

आजीची पद्धत याहून वेगळी होती. मी सात-आठ वर्षांचा असेन. आठवडी बाजाराचा दिवस. दारात एक माणूस आला. धोतर स्वच्छ, बोलणं गोड. म्हणाला, "आप्पांनी धाडलंय. बाजारात बैल ठरलाय, इसाराला पन्नास रुपये कमी पडत्यात. लवकर द्या, गिऱ्हाईक फुटंल." आजी म्हणाली, "बस की बाबा, चहा टाकते." मग तिनं चूल पेटवली, म्हणजे पेटवायला घेतली. सरपण ओलं निघालं. साखर सापडेना. दूध शेजारणीकडून आणायचं होतं. ते आणायला म्हणून तिनं मला मागच्या दारानं बाहेर काढलं आणि कानात सांगितलं, "दुधाला नको जाऊ. बाजारात जा, आप्पाला इचार." मी धावत गेलो. आप्पा भजी खात होते. बैल दूरवर कुठं नव्हता. परत आलो तर माणूसही नव्हता. चहाला उकळी यायच्या आतच उठला होता.

तो चहा मग आम्हीच प्यालो. आजी म्हणाली, "खरा असंल तर चहाला थांबतो. लबाडाला घाई असती."

एवढं शिक्षण घरात फुकट मिळालेलं असताना मी बाहेर शिकायला गेलो, ही माझी चूक. काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं, की वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसलं की निर्धास्त राहा. मी ते ज्ञान गावभर वाटलं. आप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कुलूप चोर बी लावतो की. उलट त्यालाच जास्त गरज." मी त्यांच्या अज्ञानाबद्दल मनात हळहळलो.

कुलपाचा खरा अर्थ मला कळला तो हाळीच्या जनावरांच्या बाजारात. उदगीरकडचा हा हाळी-हंडरगुळीचा बाजार मोठा. तिथं बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर उपरणं टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती शंभर माणसं उभी असतात, आकडा फक्त दोघांना कळतो. ब्राउझरमधलं कुलूप म्हणजे हे उपरणं. तुमचं आणि त्या साइटचं बोलणं तिसऱ्याला ऐकू येणार नाही, एवढीच त्याची हमी. उपरण्याखालचा दुसरा हात कुणाचा आहे, बैल लंगडा आहे का, दात मोजले का, याच्याशी उपरण्याचा काही संबंध नाही. लंगडा बैलही उपरण्याखालीच विकला जातो. २०२३ च्या सप्टेंबरात गूगलनं आपल्या क्रोममधून ते कुलूप काढून टाकलं. लोक त्याचा अर्थ 'माणूस भरवशाचा' असा घेत होते, आणि फसवणाऱ्या साइटींनाही कुलूप असायचंच. एवढ्या मोठ्या कंपनीला जे समजायला वेळ लागला, ते आप्पांनी बाजेवर बसून सांगितलं होतं. मी त्यांना ही बातमी अजून सांगितलेली नाही. गावात राहायचं आहे.

कुलपानंतर तारे. विहिरीवरची मोटर जळाली तेव्हा मी आप्पांना ऑनलाइन मोटर दाखवली. "आप्पा, साडेचार तारे आहेत." आप्पांनी चष्मा लावून अभिप्राय वाचायला सांगितले. पहिल्यानं लिहिलं होतं, 'पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेवर, अजून वापरली नाही.' पाच तारे. दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'मोटर चांगली, पण पोरगा उद्धट बोलला.' एक तारा. आप्पा म्हणाले, "ह्यात मोटर कुठं हाय?" अशा अभिप्रायांचं करायचं काय, हा प्रश्न दिल्लीलाही पडला असावा. २०२२ च्या नोव्हेंबरात भारतीय मानक ब्यूरोनं ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ असं चक्क मानक जाहीर केलं. म्हणजे सिमेंट, हेल्मेट आणि कुकर यांच्या पंगतीला आता 'मत' हाही माल बसला. आप्पांचं मानक जुनं आहे. त्यांनी मोटर घेतली ती शेजारच्या रानातल्या विहिरीवर दोन तास बसून. तीन उन्हाळे चाललेली मोटर, हा त्यांचा एकमेव तारा.

पण आप्पांची पद्धतही काही अभेद्य नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. कुलपं आणि तारे नव्हते तेव्हा आम्ही फरशी बघत होतो. जिल्ह्यात मल्टिस्टेट पतसंस्था उगवल्या. संगमरवरी फरशी, काचेचं दार, आत एसी, बाहेर बंदूकवाला, आणि ठेवीला बँकेपेक्षा घसघशीत व्याज. ज्या माणसानं आयुष्यात दोन रुपयांची वांगी पारखून घेतली, तो एसीची हवा लागताच मऊ पडला. २०२३ च्या अखेरीस बीड जिल्ह्यात अशा संस्थांच्या बंद दारांपुढं ठेवीदारांच्या रांगा लागल्या. कुणाच्या लेकीचं लग्न आत अडकलं, कुणाचं म्हातारपण. आणि ठेव ठेवा म्हणून सांगायला कोण आलं होतं? परका कुणी नव्हता. कुणाचा मेव्हणा होता, कुणाचा वर्गमित्र. 'कुणाचा रं तू' हा प्रश्न त्याला विचारायची गरजच नव्हती, कारण उत्तर गावाला पाठ होतं. बिचाऱ्यानं स्वतःचे पैसेही तिथंच ठेवले होते.

आणि सरकार? ते तर कुणालाच काही विचारीत नाही. २०२३ च्या खरिपात राज्यानं एक रुपयात पीक विमा आणला. शेतकऱ्यानं एक रुपया भरायचा, अर्ज भरणाऱ्या केंद्राला अर्जामागं चाळीस रुपये मिळायचे. पुढं तपासणीत असं निघालं, की सरकारी पडीक जमीन, देवस्थानाची जमीन, जिथं कधी तिफण फिरली नाही अशा जागी कागदावर पिकं डोलत होती. त्यात आमच्या बीड जिल्ह्याचं नाव ठळक अक्षरांत झळकलं. शेवटी २०२५ मध्ये योजनाच बंद झाली. आप्पांना याचं वाईट वाटलं, पण वेगळ्या कारणानं. "त्या पोर्टलनं एकदा जरी इचारलं असतं," ते म्हणाले, "की बाबा, तुझ्या रानाच्या उगवतीला कुणाचं रान हाय, तर निम्मे अर्ज जाग्यावर पडले असते."

एका रात्री आप्पांना अटक झाली. डिजिटल. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीतला साहेब, मागं झेंडा, भिंतीवर घड्याळ. हिंदीत दरडावत होता, की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये नशेचा माल सापडलाय, खोलीचं दार लावून घ्या, फोन बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. आप्पा घाबरले. हे ते स्वतः सांगतात. पण त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. आप्पा म्हणाले, "साहेब, अटक करा, ना नाही. पर अकराला लाईट येती. मोटर कोण चालू करणार?" साहेब म्हणाला, हलायचं नाही. आप्पा म्हणाले, "मग तुमचा एक माणूस धाडा. रान दाखवतो. कोपऱ्यावर कडुलिंब हाय." हे बोलणं वीस मिनिटं चाललं. स्टार्टरचं लाल बटन कोणतं आणि हिरवं कोणतं इथपर्यंत आल्यावर पलीकडून फोन बंद झाला.

तेव्हा मी आप्पांना समजावून सांगितलं, की कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही, आणि २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलंय. थांबा, विचार करा, मग कृती करा, अशा तीन पायऱ्या त्यांनी दिल्यात. आप्पांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "आईचंच हाय समदं. फकस्त चहा राहिला."

आता माझं.

लग्नसराईचे दिवस. माझ्या साडूच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर मजकूर आला: आमच्या येथे श्रीकृपेकरून शुभकार्य योजिले आहे, अगत्य यावे, सोबत पत्रिका. आधी मला राग आला. आमच्याकडं पत्रिका घरी येऊन, अक्षता लावून, मोठ्या माणसाच्या हातात देतात. सख्ख्या साडूनं मोबाइलवर पत्रिका ढकलावी? दुसरा विचार असा आला, की मजकूर वाचल्याच्या निळ्या खुणा तर उमटल्या, आता पत्रिका उघडली नाही तर उद्या हाच म्हणेल, 'तुम्ही तर पत्रिका बघितलीसुद्धा नाही.' तेव्हा मी दाबलं. लोक म्हणतात, माणूस हावेपोटी फसतो. मी मानपानापोटी फसलो.

फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' ही अक्षरं होती. मी ती वाचली. एपीके म्हणजे फोनमध्ये बसवायचं ॲप, हे मला माहीत होतं. पत्रिका वाचायची असते, बसवायची नसते, एवढा विचार गणिताच्या शिक्षकाला सुचायला हवा होता. फोननंही विचारलं, 'अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप बसवायचं का?' मी फोनला मोठ्यानं म्हणालो, "अनोळखी? अरे, माझा साडू आहे!" पुढं त्यानं एसएमएस वाचायची परवानगी मागितली. साडूच तो, दिली.

पत्रिका उघडली नाही. उघडली ती माझी यादी. माझ्या फोनमधल्या चारशे बारा नंबरांना माझ्या नावानं शुभकार्याचं निमंत्रण गेलं. पाच मिनिटांत पहिला फोन मावशीचा: "घरी यायला पाय मोडले व्हय रे तुझे?" मुख्याध्यापकांनी कार्यालय कोणतं ते विचारलं. एका जुन्या विद्यार्थ्यानं 'अभिनंदन सर, उशिरा का होईना' असं लिहून फुलं पाठवली. बायकोनं पत्रिका स्वतःच्या फोनवर पाहिली आणि फार शांतपणे विचारलं, "कुणाशी?"

मग बँकेचे ओटीपी यायला लागले, म्हणजे मला दिसायच्या आधी कुणीतरी वाचायला लागलं. खात्यातून एक हजार एकशे ऐंशी रुपये गेले. शिल्लकच तेवढी होती. महिनाअखेरीला शिक्षकाच्या खात्यात शिरलेल्या चोराबद्दल मला अजूनही थोडी सहानुभूती वाटते. मी लगेच १९३० वर फोन केला. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हा सरकारी नंबर. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर ते अडवायची शक्यता असते. आयुष्यात घाई करावी अशी एवढी एकच जागा. इथं चहा टाकत बसायचं नाही.

साडूला फोन लावला तर तो रडकुंडीला आलेला. त्याला ती पत्रिका त्याच्या मेव्हण्याच्या नंबरवरून आली होती, मेव्हण्याला त्याच्या व्याह्याकडून. म्हणजे जी साखळी आम्ही पिढ्यानपिढ्या लेकी देऊन-घेऊन बांधली, तिच्यावरूनच चोर घरोघर चालत गेला. 'कुणाचा रं तू' असं विचारलं असतं तर त्यानं अचूक उत्तर दिलं असतं. आजोळासकट. सगळे नंबर होते त्याच्याकडं.

दोन दिवस फोन बंद होता. करमेना म्हणून विचार केला, हीदेखील नवीनच गोष्ट. तेव्हा लक्षात आलं, की आजीनं त्या बैलवाल्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. कुठला, कुणाचा, काही नाही. बसवून ठेवलं, बस. प्रश्न तिनं विचारला आप्पांना, कारण नाव आप्पांचं वापरलं होतं. आणि विचारायला पोरगं पाठवलं ते आपलं, आपल्या वाटेनं. त्या माणसालाच म्हणाली असती, 'जा, आप्पाला बोलावून आण,' तर त्यानं धोतरातलाच दुसरा एखादा आप्पा आणला असता.

आम्ही उलटं करतो. ज्या मेसेजवर शंका आली, त्यातलाच नंबर फिरवून विचारतो, 'तुम्ही खरे ना?' तो म्हणतो, 'खरा.' आपण म्हणतो, 'मग ठीक.' बँकेचं नाव घेऊन फोन आला तर पासबुकावरचा नंबर आपण फिरवायचा, हे मागचं दार. बँकांचे अस्सल पत्ते आता 'बँक डॉट इन'नं संपतात आणि सरकारचे 'जीओव्ही डॉट इन'नं. ते मेसेजमधल्या निळ्या ओळीवर बोट न ठेवता आपल्या हातानं टाइप करायचे, हेही मागचं दार. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, हे ध्यानात ठेवायचं, म्हणजे 'पैसे पाठवतोय, पिन टाका' म्हणणारा चहाच्या आधीच ओळखू येतो. आणि साडूची पत्रिका आली तर साडूला साधा फोन लावायचा. फार तर तो म्हणेल, 'का, विश्वास नाही का?' त्याला सांगायचं, 'तुझ्यावर आहे, तुझ्या फोनवर नाही.'

हे सगळं सुचल्यावर मी नवा नंबर घेतला. खातं बँकेनं बंद ठेवलेलं, हातात रोख नाही, घरात गॅस संपलेला. नव्या नंबरवरून आप्पांना फोन लावला. आप्पा पलीकडच्या गल्लीत राहतात, पण माझा गुडघा दुखत होता.

"आप्पा, मी बोलतोय. नंबर बदललाय. जरा अडचण आहे, दोन हजार रुपये लागतील. लगेच."

बोलून झाल्यावर माझं मलाच ते वाक्य कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं. पलीकडं क्षणभर शांतता. मग आप्पा फार मायेनं म्हणाले, "हो का बाळा? थांब हं, चहा टाकलाय." आणि फोन बंद.

दहा मिनिटांनी आमच्या मागच्या दाराची कडी वाजली. आप्पांचा नातू धापा टाकत उभा.

"आजोबांनी इचारलंय, फोन तुमीच केलता का?"

"हो रे, मीच."

पोरगं हललं नाही. "कोणत्या नंबरवरून, दाखवा."

मी फोन दाखवला. त्यानं तळहातावर पेनानं लिहून आणलेला नंबर एकेका आकड्यानं पडताळला आणि आल्या वाटेनं पळालं. मी दारातच उभा राहिलो. थोड्या वेळानं ते परत आलं, मागच्याच दारानं. पाचशेच्या चार नोटा माझ्या हातावर ठेवल्या, मोजून घ्यायला लावल्या, आणि निरोप सांगितला:

"आजोबा म्हनले, तुमची पत्रिका आली, पर उघडली नाय. लग्न कवा हाय, ते तोंडानं सांगा."